जिवाणू सापडला, पण विषाचं काय?

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत दोन गोष्टी ठरलेल्या. बाजारात मासळीचे भाव चढतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मासळीत सापडला घातक जिवाणू’ असा फॉरवर्ड येऊन पडतो. मग मामा म्हणतात, आम्ही जन्मभर खातोय, काही झालं नाही. एखादी मावशी आठवडाभर फ्रीजरमधली कोळंबी बाहेरच काढत नाही. मूळ बातमी कशाबद्दल होती, ते मात्र कुणी वाचत नाही.

अशा बातमीत बहुधा तळाशी एक रुक्ष वाक्य असतं: ‘रेणवीय पद्धतीने तपासले असता नमुन्यांत विषजनुके आढळली’, किंवा ‘आढळली नाहीत’. माझ्या मते सगळी बातमी त्या एका वाक्यात असते. जिवाणूचं लांबलचक लॅटिन नाव मथळ्यात झळकतं, पण नुसत्या नावावरून आपल्या पोटाचं काय होणार ते कळत नाही. त्या जिवाणूकडे विष बनवायची सोय आहे का, हे बघावं लागतं. ती सोय कशी शोधतात आणि सापडली तर त्याचा अर्थ काय लावायचा, एवढाच या लेखाचा विषय.

## समुद्रात जिवाणू असणारच

किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखांनी जिवाणू असतात. जगातल्या कुठल्याही समुद्राची हीच गोष्ट आहे. त्यातले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. मेलेल्या कोळंबी-खेकड्यांची कवचं कुजवणं, त्यातलं सत्त्व परत पाण्यात मिसळणं, अशी कामं ते करत असतात. ते नसते तर समुद्राच्या तळाशी कवचांचे डोंगर साचले असते.

यातलं एक कुटुंब म्हणजे व्हिब्रिओ. किंचित वाकलेले, शेपटीच्या जोरावर पोहणारे हे जिवाणू. यांना कोमट आणि बेताचं खारं पाणी मानवतं. थंड देशांतल्या समुद्रात हिवाळ्यात ते पाण्यातून जवळपास दिसेनासे होतात आणि तळच्या गाळात दडी मारतात. मुंबईच्या खाड्यांचं पाणी वर्षभर कोमटच, त्यामुळे इथे त्यांना दडी मारायचं कारण नाही. तिसऱ्या, कालवं, खुबे हे प्राणी दिवसभर पाणी गाळून पोट भरतात. पाणी बाहेर जातं, जिवाणू आत राहतात. म्हणून पाण्यापेक्षा शिंपल्यात त्यांची दाटी जास्त.

थोडक्यात, ‘मासळीत व्हिब्रिओ सापडला’ ही बातमीच नव्हे. सापडला नसता तर नमुना नीट घेतला होता का, असं मी विचारलं असतं.

## नाव एकच, स्वभाव वेगळे

१९५० साली जपानमधल्या ओसाका भागात शिरासू नावाची अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसं आजारी पडली आणि त्यातली २० दगावली. त्सुनेसाबुरो फुजिनो या संशोधकाने त्यातून जो जिवाणू वेगळा काढला, त्याचं आजचं नाव व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. जीभ अडखळू नये म्हणून यापुढे त्याला नुसतं ‘पॅरा’ म्हणू.

गुन्हेगार सापडला म्हणून शोध थांबायला हवा होता. झालं उलटंच. समुद्रात जिथे बघावं तिथे पॅरा सापडू लागला, आणि तो असलेली मासळी खाऊन लोक ठणठणीतही राहत होते. मग १९६०च्या दशकात जपानच्या कानागावा प्रांतातल्या तपासनिसांच्या एक गोष्ट लक्षात आली. रक्त मिसळलेल्या एका खास थाळीवर रुग्णांकडून मिळालेले पॅरा वाढवले की त्यांच्याभोवतीच्या रक्तपेशी फुटून स्वच्छ गोल कडं तयार व्हायचं. समुद्रातून आणलेले पॅरा तेच खाऊन, तितकेच वाढून कडं काही करायचे नाहीत. रुग्णांकडचे बहुतेक सगळे कडंवाले, समुद्रातल्यांत मात्र शंभरात एखाद-दुसरा.

म्हणजे पॅरा हे नाव एक आणि त्याखाली दोन वेगळ्या प्रकारचे जिवाणू. एकाकडे पेशींना भोकं पाडणारं विष, दुसऱ्याकडे ते नाही. या विषाला टीडीएच म्हणतात. आतड्याच्या पेशीच्या आवरणात ते छिद्र करतं, पेशीतले क्षार गळतात, त्यांच्या मागोमाग पाणी येतं. बाधित मासळी खाल्ल्यावर साधारण दिवसभरात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. बहुतेकांना तीनेक दिवसांत बरं वाटतं.

रक्ताच्या थाळीची ही चाचणी अनेक वर्षं चालली. मग १९८०च्या दशकात मालदीवमध्ये जुलाबाची साथ आली. तिथल्या रुग्णांत असे पॅरा मिळाले, की जे थाळीवर कडं करत नव्हते आणि माणसाला आजारी मात्र पाडत होते. त्यांच्याकडे टीडीएचचं भावंड निघालं, टीआरएच. नुसत्या थाळीवर विसंबून चालणार नाही हे तेव्हा स्पष्ट झालं. विषाचा परिणाम दिसायची वाट बघण्यापेक्षा ते बनवायची माहिती जिवाणूकडे आहे का, हेच थेट बघायला हवं होतं.

## जनुक म्हणजे वहीतली कृती

ही माहिती ज्या तुकड्यात असते ते जनुक. आईची पाककृतींची जुनी वही डोळ्यांसमोर आणा. जिवाणूचा सगळा डीएनए म्हणजे ती वही, आणि एक जनुक म्हणजे तिच्यातली एक कृती. वही अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली असते. पॅराची अख्खी वही २००३ साली वाचून झाली: साधारण ५१ लाख अक्षरं, दोन भागांत बांधलेली. त्यात टीडीएचची कृती सुमारे ५७० अक्षरांची.

ही उपमा धरून ठेवा. पुढच्या बहुतेक शंका तिच्यातच सुटतात.

## ५१ लाख अक्षरांत ५७० कशी शोधायची?

अख्खी वही वाचणं आता शक्य आहे, पण रोज शेकडो नमुने असतील तर ते परवडत नाही. म्हणून पीसीआर. हे नाव मुंबईकरांना कोविडने पाठ करून दिलं. तेव्हा विषाणूच्या आरएनएचं आधी डीएनएमध्ये रूपांतर करावं लागायचं. इथे डीएनए हातातच असतो, त्यामुळे ती एक पायरी वाचते.

युक्ती अशी. हव्या असलेल्या कृतीच्या सुरुवातीची आणि शेवटची वीसेक अक्षरं आपल्याला माहीत असतात. तेवढे दोन छोटे तुकडे कारखान्यात बनवून घेतात. त्यांना प्रायमर म्हणतात. चार अक्षरांतून वीस अक्षरी ओळी किती होऊ शकतात? एक लाख कोटीहून जास्त. त्यामुळे ५१ लाख अक्षरांच्या वहीत तीच ओळ योगायोगाने भलत्या ठिकाणी असण्याची शक्यता नगण्य.

मग नमुना साधारण ९५ अंशांपर्यंत तापवतात, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५५-६० अंशांवर आणलं की प्रायमर आपापली जागा शोधून चिकटतात, कृती असेल तर. ७२ अंशांवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या दोन खुणांमधला मजकूर उतरवून काढतं. एका फेरीत एकाच्या दोन प्रती, दुसरीत चार, आणि तिसाव्या फेरीअखेर कागदोपत्री १०७ कोटी. कृती वहीत नसेल तर प्रायमरना चिकटायला जागाच नसते आणि शेवटी हाती काही लागत नाही.

कॅरी मलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये तिला नोबेल मिळालं. तापवलं तरी न बिघडणारं ते विकर मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, राहणाऱ्या एका जिवाणूचं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांतही असले उष्णताप्रेमी जीव राहतात, हे जाता जाता.

## टेबलावर हे कसं दिसतं

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी किंवा निर्यातीच्या तपासणी प्रयोगशाळेत तिसऱ्यांचा नमुना येतो तेव्हा पीसीआर यंत्र लगेच सुरू होत नाही. आधी मांस बारीक करून मीठ घातलेल्या, किंचित अल्कधर्मी पाण्यात रात्रभर ठेवतात. व्हिब्रिओंना हे पाणी मानवतं, बाकीच्या बऱ्याच जिवाणूंना नाही. सकाळी त्यातला थेंब हिरव्या थाळीवर पसरतात. या थाळीत साखर आणि रंग बदलणारं रसायन असतं. कॉलऱ्याचा जिवाणूही व्हिब्रिओ कुटुंबातलाच. तो ती साखर आंबवतो, त्याचे ठिपके पिवळेधमक दिसतात. पॅरा त्या साखरेला हात लावत नाही, म्हणून त्याचे ठिपके हिरवट-निळसर, मध्यभागी गडद.

पण हिरवे ठिपके देणारे इतरही आहेत. म्हणून एक ठिपका उचलून पाण्यात उकळतात, पेशी फुटून डीएनए बाहेर येतो आणि मग पीसीआर. एकाच नळीत प्रायमरच्या दोन-तीन जोड्या घालता येतात. एक जोडी सगळ्या पॅरांमध्ये असणाऱ्या जनुकासाठी, म्हणजे ओळख पटवायला. दुसरी टीडीएचसाठी, तिसरी टीआरएचसाठी.

निकाल बघायचा तो जेलच्या लादीवर. ही लादी समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची असते. समुद्रातल्या जिवाणूची झडती समुद्रातल्याच शेवाळावर, ही गंमत मला दर वेळी आवडते. जेलमधून वीज सोडली की छोटे तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात. अतिनील दिव्याखाली नारिंगी पट्टे चमकतात. ओळखीचा पट्टा आहे, टीडीएचच्या जागी अंधार: पॅरा आहे, पण ही कृती त्याच्याकडे नाही. दोन्ही पट्टे लख्ख असतील तर फोन उचलायची वेळ.

नव्या यंत्रांत जेलचीही गरज नसते. प्रती वाढतील तसा प्रकाश वाढतो आणि तो संगणकावर दिसतो. कोविडच्या काळात सगळे ज्या ‘सीटी व्हॅल्यू’बद्दल बोलत होते ती हीच: किती फेऱ्यांनंतर प्रकाश दिसला. लवकर दिसला तर माल भरपूर होता.

## कृती वहीत आली कुठून?

कॉलऱ्याची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये आपली कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हा जिवाणू माहीत होता, पण तो माणसाला नेमका कशाने मारतो हे सिद्ध झालेलं नव्हतं. ते दाखवलं कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. जिवाणू गाळून काढून टाकलेलं पाणी त्यांनी सशाच्या आतड्यात सोडलं. जिवाणू एकही नाही, तरी आतडं पाण्याने भरलं. म्हणजे काम विषाचं होतं.

पुढचा धक्का १९९६ मध्ये बसला. कॉलऱ्याच्या विषाची कृती त्या जिवाणूची स्वतःची नव्हतीच. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते, आणि अशाच एका विषाणूने ही कृती आणून दिली होती. शेजारणीने लिहून दिलेली चिठ्ठी आपल्या वहीत खोचलेली असावी आणि पुढे ती वहीचाच भाग होऊन जावी, तसं. खाडीत राहणाऱ्या कॉलऱ्याच्या जिवाणूंपैकी बहुतेकांच्या वहीत ही चिठ्ठी नसते.

चिठ्ठ्यांची ही देवघेव कोळंबी पाळणाऱ्यांना चांगलीच महागात पडली आहे. २००९च्या सुमारास चीनमध्ये आणि मग आग्नेय आशियात तळ्यांतली कोळंबी सोडल्यापासून महिन्याभरात पटापट मरू लागली. २०१३ मध्ये कारण कळलं: पुन्हा आपला पॅराच. फक्त त्याच्याकडे सुमारे ७० हजार अक्षरांची एक सुटी, गोल चिठ्ठी होती आणि तिच्यावर कोळंबीचं पचनसंस्थेतलं यकृतासारखं इंद्रिय नासवणाऱ्या विषाची कृती. हे विष किडे मारणाऱ्या एका जिवाणूच्या विषाशी मिळतंजुळतं आहे. चिठ्ठी हरवली की तोच जिवाणू कोळंबीला निरुपद्रवी. आणि माणसाला बाधणारी जनुकं या पॅरांत सहसा नसतात. म्हणजे ‘पॅरा सापडला’ एवढ्या वाक्यावरून धोका कोळंबीला आहे, माणसाला आहे की कुणालाच नाही, हेसुद्धा सांगता येत नाही.

## ‘जनुक सापडलं म्हणजे विष सापडलंच ना?’

नाही. वहीत पुरणपोळीची कृती आहे म्हणून आज घरात पुरण शिजलंय असं होत नाही. जिवाणू सगळ्या कृती सगळ्या वेळी करत बसत नाही. थंड समुद्रात तो एका तऱ्हेने वागतो, आपल्या आतड्यात पित्ताचा स्पर्श झाला की दुसऱ्या.

शिवाय पीसीआरला वही दिसते, वहीचा मालक जिवंत आहे की मेला ते दिसत नाही. शिजवून मेलेल्या जिवाणूचा डीएनएही काही काळ शाबूत राहतो आणि यंत्र त्याचाही पट्टा दाखवतं. म्हणून आधी रात्रभर वाढवून घेतात, कारण मेलेला वाढत नाही. दुसरा उपाय एका रंगाचा: तो फुटक्या पेशींत शिरून डीएनएला असा चिकटतो की त्याची नक्कल होत नाही. मग फक्त धडधाकट पेशींचाच हिशोब उरतो.

आकड्याचाही प्रश्न आहे. पॅराची बाधा व्हायला साधारणपणे लाखाच्या घरात जिवाणू पोटात जावे लागतात. ‘आढळले’ या शब्दात पाच आणि पाच लाख दोन्ही मावतात, आणि बातमी लिहिणाऱ्यांनी तो आकडा विचारायला हवा असं मला वाटतं.

## ‘सापडलं नाही म्हणजे निर्धास्त?’

इथेही घाई नको. प्रायमर आपण ठरवलेल्या कृतीलाच चिकटतो. शेजारच्या पानावर नवीनच काही लिहिलेलं असेल तर तो ते वाचणार नाही. टीडीएच-टीआरएच दोन्ही नसलेले पॅरा काही रुग्णांत मिळालेले आहेत. व्हिब्रिओ वल्निफिकस नावाचा याचा भाऊबंद तर एका जनुकात पकडताच येत नाही. त्याचं पेशी फोडणारं जनुक सगळ्यांतच असतं, त्यावरून ओळख पटते, घातकपणा नाही. खेकडा चावून किंवा मासळी साफ करताना झालेल्या जखमेतून हा शिरतो आणि यकृताचा आजार असलेल्यांना फार भारी पडतो. अशांनी उघड्या जखमेने खाडीच्या पाण्यात हात घालू नये. त्यासाठी कुठल्या अहवालाची वाट बघायची गरज नाही.

दुसरं, शिंपल्याच्या मांसातले काही पदार्थ पीसीआरचं विकर अडवतात. जनुक असूनही पट्टा येत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा प्रत्येक नळीत एक हमखास येणारा पट्टा मुद्दाम ठेवते. तोही आला नाही तर निकाल ‘नाही’ असा नसतो, चाचणी फसली असा असतो.

## ‘शिजवल्यावर हे विष उरतं का?’

टीडीएच या नावातला पहिलाच शब्द ‘उष्णतेला टिकणारं’ असा आहे. शुद्ध स्वरूपातलं हे विष १०० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं तरी शाबूत राहतं. हे वाचून घाबरणारे पुष्कळ. पण पॅराचा आजार मासळीत आधीच बनलेल्या विषाने होत नाही. जिवंत जिवाणू आतड्यात पोचून तिथे ते बनवतो. आणि जिवंत पॅरा मात्र नाजूक आहे, उकळत्या कालवणात टिकत नाही. तिसऱ्या पूर्ण उघडून रटरटल्या की तो प्रश्न संपला. धोका असतो तो कच्च्या कालवांत, अर्धवट शिजवलेल्या कोळंबीत, आणि कच्ची मासळी कापलेल्या विळीवर नंतर कोशिंबिरीची काकडी चिरली जाते तेव्हा.

बांगड्याचं मात्र उलट आहे, आणि हे घराघरात माहीत हवं. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. काही जिवाणू, त्यात समुद्रातलेही आले, त्याचं हिस्टामिन बनवतात, तेही मासळी उन्हात पडलेली असताना, आपण खाण्याच्या आधीच. हे बनवणारं जनुकही पीसीआरने शोधता येतं. पण एकदा हिस्टामिन बनलं की तळा, उकळा किंवा गोठवा, ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक समजतात मासळीची ॲलर्जी आहे. बऱ्याचदा बांगडा बर्फाबाहेर जास्त वेळ राहिलेला असतो, एवढंच.

## ‘मग हे यंत्र धक्क्यावरच का बसवत नाहीत?’

बसवता येईल असं तंत्र आहे. २००० साली जपानमध्ये पुढे आलेली लॅम्प पद्धत एकाच तापमानावर, ६०-६५ अंशांवर, तासाभरात जनुकाच्या प्रती काढते. तापमान वर-खाली करणारं महाग यंत्र लागत नाही, गरम पाण्याचं भांडंही पुरतं. निकाल नळीतल्या गढूळपणावरून किंवा रंगावरून कळतो.

अडचण नमुन्याची आहे. ससून डॉकवर पहाटे उतरलेल्या टोपल्यांतल्या कुठल्या तिसऱ्या तपासायच्या? एकीत जनुक असेल, बाजूच्या दहांत नसेल. जिवाणू कमी असले तर आधी रात्रभर वाढवणं आलंच. म्हणून या चाचण्यांचा खरा उपयोग एकेका टोपलीला शिक्का मारण्यात नाही. निर्यातीचा माल, कोळंबीचं बियाणं आणि कुठल्या खाडीत कुठल्या महिन्यात विषजनुकांचं प्रमाण वाढतंय यावर वर्षानुवर्षं नजर ठेवणं, ही त्यांची कामं. १९९६च्या फेब्रुवारीत कोलकात्यात पॅराच्या रुग्णांची संख्या एकदम वाढली आणि एकाच वाणाचे, टीडीएच असलेले जिवाणू पुढे जपान, तैवान, थायलंड, अमेरिका इथपर्यंत सापडत गेले. हा धागा जुळला तो जनुकं पडताळून बघितली म्हणूनच.

टोपलीपुरतं बघायचं तर पॅराला अनुकूल उबेत दुप्पट व्हायला दहा मिनिटंही पुरतात. बाजाराच्या फळीवर वीस मिनिटं धरली तरी तीन तासांत पाचशेपट. बर्फात ही वाढ जवळपास थांबते. पीसीआरचा अहवाल फार लवकर आला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, आणि तोवर त्या तिसऱ्यांचं एकशिपी कालवण होऊन ताटं घासूनही झालेली असतात. म्हणून तपासणीचा पैसा प्रयोगशाळेला द्यावा आणि टोपलीवर बर्फ किती आहे ते पिशवी पुढे करण्याआधी आपणच बघून घ्यावं.